खाऊ म्हणजे जेवण नव्हे

मत्स्यशेतीवर त्याला सगळे वाढपी म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जाई, आणि तेव्हाही शेजारचा त्याला कोपरानं ढोसून सांगे की बाबा, हा तूच.

डोंगरातून उतरणारा थंड ओढा वळवून तिथं सिमेंटचे लांबट हौद बांधले होते, पायऱ्यांसारखे एकाखाली एक. वरच्या हौदातलं पाणी लोखंडी जाळीतून खालच्यात पडे. खालच्या हौदांत बाजारात जाणारे ट्राउट मासे वाढत. अगदी वरच्या हौदात, पत्र्याच्या सावलीत, पैदाशीचे मासे राहत. ते विकायचे नसत. त्यांची अंडी घ्यायची आणि पुढची पिढी उबवायची. थोडक्यात, खाली जनता आणि वर खानदान. वाढपी दोघांनाही खायला घाली.

त्याची वाढण्याची रीत बघण्यासारखी होती. हौदाच्या कठड्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, मासे गोळा होईपर्यंत थांबायचं, मग मूठ पसरून पंख्यासारखं खाद्य उडवायचं, अगदी कडेकडेपर्यंत. दुसरे कामगार बादली एका जागी उपडी करून विडी ओढायला जात; मग दांडगे मासे खात आणि किरकोळ मासे खाणाऱ्यांकडे बघत. वाढप्याच्या हौदात असं होत नसे. हा गुण खरा होता, आणि मालकासकट सगळे तो मान्य करत.

त्याच्या डोक्यात जगाचा एकच नियम होता: कुणी अर्धपोटी उठता कामा नये. "मासा बोलत नाही, म्हणून त्याला भूक नाही असं समजायचं काय?" असं तो विचारी. यावर उत्तर देणं अवघड होतं, कारण मासा खरंच बोलत नाही.

तरुणपणी तो एका वसतिगृहाच्या जेवणघरात वाढायला होता. 'बास' हा शब्द त्याला तेव्हाही ऐकू येत नसे. पहिल्या रांगेतल्या पोरांच्या ताटांचे डोंगर होत आणि शेवटच्या रांगेला पातेल्याचा खडखडाट मिळे. अखेर शेवटच्या रांगेनं तक्रार केली, चौकशी होऊन त्याचा उदारपणा सिद्ध झाला, आणि त्याला निरोप मिळाला. पुढं वडिलांना साखरेचा आजार जडला. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तर हा उशीखाली मुरांब्याची बाटली ठेवू लागला. वडील तृप्त होऊन गेले, असं तो सांगतो. किती लवकर गेले, ते सांगत नाही.

त्याला मूलबाळ नव्हतं. होती ती थोरल्या बहिणीची मुलगी. ती लहान असताना हा बहिणीकडं गेला की दारातच तिचा हात त्याच्या खिशात जाई आणि खिसा कधी रिकामा निघत नसे. बहीण ओरडे, "अरे, जेवायच्या वेळेला कशाला देतोस? आता ताटावर बसायची नाही ही." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "आक्का, खाऊ म्हणजे काय जेवण असतं का?"

ही भाची मोठी झाली, मासे काय खातात आणि खाल्ल्याचं पुढं काय होतं याचाच अभ्यास करून आली, आणि त्याच शेतीवर खाद्याची प्रमुख म्हणून लागली. राहायला मामाच्याच घरी, मागच्या खोलीत. घरी मामा तिला वाढी. कामावर ती मामाला काय वाढायचं ते सांगे. पहिल्या आठवड्यात तिनं कामावर त्याला 'तुम्ही' म्हणून पाहिलं. लोकांना वाटलं घरी भांडण झालं. मग तिनं तो नाद सोडला.

पैदाशीच्या माशांसाठी तिनं नवीन खाद्य बसवलं: मासळीची भुकटी निम्म्यावर आणली, बाकी सोयाबीनचं सत्त्व, तेल बेताचं, आणि पीठ जवळजवळ नाही. मालकानं एका हंगामाची मुदत दिली. अंडी चांगली उतरली तर सगळ्या शेतीला हेच खाद्य आणि भाचीची नोकरी कायम. नाही उतरली तर खाद्य आणि भाची, दोन्ही एकाच गाडीनं परत. मालकाला लांबण लावायची सवय नव्हती.

वाढप्यानं गोळ्या तळहातावर घेऊन हुंगल्या. "याला तर काही वासच नाही गं. आजाऱ्याचं पथ्य वाटतंय."

"मामा, हे शिकारी मासे आहेत," भाची म्हणाली. "आपण पाव खाल्ला की त्याची साखर होते, शरीर ती जाळून टाकतं. यांना ते नीट जमत नाही. साखर रक्तात नुसती भटकत राहते आणि शेवटी लिव्हरमध्ये जाऊन बसते. वरून तेल जास्त झालं तर आतड्याभोवती चरबीचा लपेटा. यांचं सगळं प्रथिनांवर चालतं. जाळायलाही तीच आणि अंग भरायलाही तीच."

"बरं. आणि एवढंसंच का?"

"अंड्यांचा हंगाम जवळ आला की मादीला बेतानंच द्यायचं. जाडी झाली तर गाभोळी सुटत नाही, सुटली तर अंडी धरत नाहीत."

"पोटुशीला कमी वाढायचं? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"जे उघडशील त्यात."

"म्हणजे लिहिणारे सगळे पुरुष असणार," तो म्हणाला आणि बादली उचलून गेला.

अंडी उबवायच्या खोलीचं काम बघणारी एक बाई होती. तिला सगळे सुईण म्हणत, आणि तोंडानं ती त्या पेशाला शोभेशी होती. ती म्हणाली, "खानदानाला बारीक करायला घेतलंय म्हणे तुमच्या भाचीनं. आता सकाळी कवायत पण घ्या म्हणावं."

मापाच्या बाबतीत वाढपी चोख होता, हे इथंच सांगून ठेवलं पाहिजे. भाची रोज सकाळी काट्यावर तोलून देई तेवढंच खाद्य तो पैदाशीच्या हौदात टाकी. एक गोळी जास्त नाही, एक कमी नाही. भाची स्वतः उभी राहून बघे. आणि दुपारी, बाकीचे कामगार जेवून पलीकडच्या उन्हात आडवे झाले, की तो वरच्या हौदाच्या काठावर जाऊन बसे. खिशात पाव असे. थोडा कॅन्टीनमध्ये उरलेला, थोडा बायकोनं घरून बांधून दिलेला शिळा. मासळीच्या तेलाच्या पिंपांत तळाशी जे राहतं, त्यात तो पाव भिजवायचा, बोरांएवढे गोळे करायचे आणि पाण्यात हात घालून एकेकाला भरवायचे.

सगळ्यांत आधी थोरली येई. थोरली म्हणजे त्या हौदातली सगळ्यांत जुनी मादी. पाठीवरचा पर एका बाजूनं फाटलेला, अंगावरचे ठिपके पिकलेल्या केळासारखे. ती त्याच्या तळहातावर तोंड टेकवी आणि गोळा अलगद ओढून घेई. एक संपला की जागची हलत नसे. ती बघत राही, तो देत राही. मागं लाजाळू माद्या घुटमळत. त्यांना कधी मिळे, कधी मिळत नसे. पहिल्या रांगेच्या बाबतीत वाढपी वसतिगृहातून फारसा पुढं आला नव्हता.

यात त्यानं काही लपवलं, असं म्हणता येणार नाही. कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, कारण माप तर बरोबरच होतं. आणि त्याच्या मनात या दोन गोष्टींची गाठ कधी पडलीच नाही. सकाळचं ते जेवण. ते भाचीच्या अखत्यारीत. दुपारचा तो खाऊ. खाऊला काय कुणी काट्यावर तोलतं?

थंडी पडली आणि अंडी काढायचा दिवस आला. ओल्या फडक्यात मादी धरायची, अंगठ्यानं पोटावरून हलकेच खाली दाबत आणायचं, की नारिंगी अंड्यांची धार पातेल्यात पडते. निदान दरवर्षी पडे. या वेळी सुईणीनं पहिली मादी दाबली, दुसरी दाबली, मग फडकं बदललं, जणू दोष फडक्यात होता. धार नव्हती. चार-दोन अंडी गळत, मधेच गुठळी येई, काही माद्यांचं पोट नुसतं मऊ मऊ लागे आणि बाहेर काहीच येत नसे.

"पोटं तर ही एवढाली आहेत," सुईण म्हणाली. "आत बाळ आहे की गादी?"

जी अंडी मिळाली ती तबकांत ठेवून वरून पाणी सोडलं. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते चिमट्यानं वेचून काढायचं असतं, नाहीतर शेजारचं नासतं. काही दिवसांत तबकं अशी दिसू लागली की वर बर्फ पडलाय. सुईण भाचीला म्हणाली, "बाई, चिमटा पुरत नाही. उलथनं देता का?" आणि मग तिचा चेहरा बघून, पहिल्यांदाच, स्वतःच्या बोलण्यावर जीभ चावली.

मालक तबकांपाशी आला, उभा राहिला, गेला. जाता जाता म्हणाला, "वाघाला गवत घातलं की असंच व्हायचं. परवा डॉक्टर येतायत. ते काय लिहायचं ते लिहून देतील, मग तुम्ही तुमचं सामान बांधा."

त्या संध्याकाळी घरी भाची ताटावर नुसती बसली होती. वाढप्यानं रस्सा वाढला, तो निवला.

"खा गं," मामी म्हणाली. "उपाशी राहून अंडी उबणार आहेत का?"

"मामी, हिशोबच बसत नाही," भाची म्हणाली. "या खाद्यावर माद्या रोड व्हायला हव्यात. फार तर अंडी लहान झाली असती. पण या सुटल्यात. एवढी चरबी आणायला माझ्या गोळीत तेलच नाही. पीठही नाही. दुसरं काही पोटात गेल्याशिवाय असं होत नाही, आणि दुसरं तर काही जात नाही." ती मामाकडं वळली. "तुझं माप मी रोज डोळ्यांनी बघते. त्यात गोळीचा फरक नाही. म्हणजे चूक माझ्याच डोक्यात आहे कुठंतरी."

वाढप्याच्या हातात पळी होती. ती त्यानं पातेल्यात परत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोनं उद्यासाठी शिळा पाव फडक्यात बांधून ठेवला होता. तो त्या गाठोड्याकडं बघत राहिला. भाची उठून मागं गेल्यावर बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"तो पाव," तो म्हणाला.

"पावाचं काय?"

"किती दिवस देतीयस?"

"तू मागतोस तेव्हापासून." तिनं गाठोड्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि खाली बसली. "अरे, पण पाव म्हणजे काय विष आहे का?"

सकाळी तो मालकाच्या खोलीत गेला. भाची तिथंच होती, आपल्या नोंदवह्यांचं कपाट रिकामं करत.

"साहेब, मी माद्यांना पाव घालत होतो."

"सगळेच घालतात. येणारेजाणारे घालतात," मालक म्हणाला.

"रोज. तेलात भिजवून. पोटभर."

मालकानं चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या बघण्यात चक्क माया होती. "वाढपी, तू भला माणूस आहेस. पण खोटं बोलणं हे भल्या माणसाचं काम नव्हे. भाचीसाठी मान पुढं करतोयस, कळतंय मला. पण पाव? दुसरं काही सुचलं नाही?"

"खरंच सांगतोय."

"माप कोण बघत होतं?" मालकानं भाचीला विचारलं.

"मी," ती म्हणाली. "आणि माप बरोबर होतं." ती मामाकडं वळली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "मामा, पुरे आता. चुकलं असेल तर माझं चुकलंय. लहान मुलाला पडल्यावर जमिनीला फटका मारून दाखवतात, तसं करू नकोस माझ्यासाठी."

उभ्या आयुष्यात वाढप्यानं एकदाच गुन्हा कबूल केला, आणि तो कुणी पदरात घ्यायला तयार नव्हतं.

माशांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि बोलण्यात काटकसर. त्यांनी तिघांचं ऐकून घेतलं. "भांडता कशाला?" ते म्हणाले. "एक मादी उघडून बघू. नुसती हिची गोळी खाल्ली असेल तर आतड्यावर चरबी नसेल. पाव खाल्ला असेल तर लिव्हरच सांगेल."

"एकच," मालक म्हणाला. "पैदाशीचा मासा आहे, भाजी नव्हे."

"एकच. पण जिनं सगळ्यांत जास्त खाल्लं ती हवी. दुसरी कुठली उघडली तर काहीच सांगता येणार नाही. आणि मग मी गोळीच्या विरुद्ध लिहीन."

सगळ्यांनी वाढप्याकडं पाहिलं. हे सांगू शकेल असा माणूस तोच होता.

पाणी स्वच्छ होतं. हौदातला प्रत्येक मासा दिसत होता. जाळीजवळ एक लाजाळू मादी उभी होती. तिला पाव क्वचितच मिळाला होता. तिच्याकडं बोट दाखवलं असतं तर थोरली वाचली असती, आणि त्याची गोष्ट खोटी ठरली असती, जी तशीही कुणाला खरी वाटत नव्हती. भाची कठड्यापासून जरा लांब, हाताची घडी घालून उभी होती. ती पाण्याकडं बघत नव्हती.

एक कामगार हातजाळं घेऊन पुढं आला. "ते नको," वाढपी म्हणाला.

तो नेहमीच्या जागी बसला. बाही वर सारून हात पाण्यात सोडला. थोरली आली. तिनं तळहातावर तोंड टेकवलं. तळहातावर काही नव्हतं. ती थांबली, कारण आजवर तिथं उशीर झाला होता, पण नाही असं कधी झालं नव्हतं. त्यानं दुसरा हात तिच्या पोटाखाली घातला आणि तिला उचललं. ती धडपडलीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी काम झटकन केलं. पोट उघडलं तर आतडं दिसेचना. त्याच्याभोवती थिजलेल्या तुपासारखी पांढरी चरबी होती, बोटभर जाडीची. लिव्हर गडद तांबडं असायला हवं, ते फुगून फिकट पिवळं झालं होतं, आणि डॉक्टरांच्या बोटाखाली ओल्या मातीसारखं खचलं. अंडी होती. भरपूर होती. चरबीच्या घड्यांत चेपून, सुरकुतून बसली होती. त्यांना बाहेर यायला वाट नव्हती.

"तेल आणि पीठ," डॉक्टर म्हणाले. "गोळीत हे नाही."

भाची पुढं आली. तिनं वाकून पाहिलं आणि वर्गात बोलावं तशी बोलू लागली. "पिठाची साखर जाळता आली नाही म्हणून लिव्हरमध्ये साठली. लिव्हर असं झालं की अंड्यांसाठी जे बनवायचं ते बनत नाही. तेलाची चरबी झाली, तिनं जागा…" ती थांबली. "कधीपासून, मामा?"

"पहिल्यापासून."

"माझ्यासमोर तोलून टाकायचास, आणि नंतर हे?"

"ते जेवण होतं," तो म्हणाला. "हा खाऊ होता."

कुणी हसलं नाही. सुईणीनंसुद्धा पातेलं उचललं आणि ती आत गेली.

मालकानं जागच्या जागी निकाल दिला. भाचीच्या खाद्याला आणखी एक हंगाम. भाची राहील. वाढप्यानं यापुढं कुठल्याही हौदाला हात लावायचा नाही. त्यानं खाली बर्फघरात पेट्या धुवायच्या. वाढपी हे नाव काढून घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही, त्यामुळं पेट्या धुणाऱ्या माणसाला लोक अजून वाढपी म्हणतात.

खानदानाला आता भाची स्वतः खायला घालते. कठड्यावर दोनदा टकटक करते, मूठ पसरून उडवते, अगदी त्याच्यासारखी. मासे येतात, चार गोळ्या घेतात आणि कोपऱ्यात जाऊन थांबतात. दुपारी मात्र, बर्फघराकडून त्याची पावलं कठड्याजवळून जाऊ लागली की सगळे त्या बाजूला गोळा होतात, तोंडं वर काढून. तिनं काही दिवस बघितलं आणि मग त्याला सांगितलं, "तू वरच्या वाटेनं येत जाऊ नकोस. तुझी चाहूल लागली की ते माझ्या हातचं खात नाहीत." तो मान हलवून बरं म्हणाला. आता तो पेट्यांच्या शेडमागून, चिखलातून, वळसा घालून जातो. तेवढ्यानं त्यांना कळत नाही अशी त्याची समजूत आहे. पाणी बरंच काही पोचवतं, हे भाचीनं त्याला अजून सांगितलेलं नाही.

घरी ती पूर्वीसारखीच जेवायला बसते. बोलणं कामापुरतं. परवा वाढप्यानं तिच्या ताटात रस्सा वाढला आणि ती सवयीनं म्हणाली, "बास."

तो थांबला. पळी तशीच वर धरून पातेल्याकडं वळला आणि त्यानं झाकण घातलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. भाची ताटाकडं बघत राहिली. तिनं जेमतेम चार घास खाल्ले असतील. तिला आणखी हवं होतं का, हे त्याला विचारायचं होतं, पण आता भुकेतलं आपल्याला काही कळतं असं त्याला वाटेना.

शेवटी मामीनं उठून झाकण काढलं.